नकाशावर गट खाजणात दिसतो, पायथन म्हणतं ‘नाही’: क्यूजीआयएसमधला ओव्हरलॅपचा घोळ

मालवण किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाचं काम हातात घ्या, प्रश्न तोच येतो. एका लेयरमध्ये, म्हणजे नकाशाच्या थरात, गावनकाशातले गट, दुसरीत कांदळवनाचे पॉलिगॉन (बंद आकृत्या), आणि विचारणा एवढीच, की कोणकोणत्या गटांत कांदळवन येतं त्यांची यादी द्या. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये पायथन भाषेत हे दहा-पंधरा ओळींचं काम. पण त्याच ओळी नव्या गावावर चालवल्या की काहीतरी वेगळंच निघतं. एका गावात यादी रिकामी. दुसऱ्यात अर्धं गाव यादीत. तिसऱ्यात यादी बघायला ठीक वाटते, आणि खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या, कांदळवनाच्या जमिनीच्या) अगदी पोटातले गटच तिच्यातून गायब असतात.

गेली काही वर्षं मी हेच काम करते आहे आणि हा घोळ माझ्यासमोर इतक्या वेळा आलाय, की आता लक्षण बघितलं की कारण कळतं. बहुतेक वेळा कोडचं व्याकरण बरोबर असतं. चूक असते ती आकड्यांत, नाहीतर आपण विचारलेल्या प्रश्नात. म्हणून लक्षणापासून सुरुवात करते. मेथडची, म्हणजे कोडमधल्या तयार आज्ञांची, नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कन्सोलमध्ये ती त्यांच्या मूळ रूपात टाका. सगळं क्यूजीआयएसच्या ३ मालिकेला लागू आहे.

ही यादी बिनचूक का हवी, तेही सांगते. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे कांदळवन सर्वात संवेदनशील वर्गात येतं, आणि त्याचं क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही राखावा लागतो. म्हणजे यादीत नाव आलं की त्या जमिनीवर घर, बांध, तलाव, काहीही करताना अडचण. आणि यादीतून नाव सुटलं तर उद्या तिथली तिवरं तुटली तरी कागदावर काही दिसणार नाही. दोन्हीकडून नुकसान खऱ्या माणसाचं आणि खऱ्या किनाऱ्याचं होतं.

यादी रिकामी येते

नकाशावर दोन्ही लेयर एकावर एक अगदी नीट बसलेल्या दिसतात. हिरवा रंग गटांच्या रेषांवर चढलेला आहे. तरीही ‘इंटरसेक्ट्स’ (दोन आकार एकमेकांना लागतात का, हा प्रश्न) प्रत्येक वेळी फॉल्स, म्हणजे ‘नाही’, देतं.

क्यूजीआयएस नकाशा काढताना प्रत्येक लेयरची सीआरएस (जागा कोणत्या आकड्यांत मांडायची ती पद्धत) बघून ती चालता-चालता प्रकल्पाच्या सीआरएसमध्ये बदलून दाखवतं. डोळ्यांना जे दिसतं ते बदललेलं चित्र. पायथनमध्ये आपण फीचरची, म्हणजे लेयरमधल्या एका गटाची किंवा कांदळवनाची, जॉमेट्री (आकार) काढतो तेव्हा हाती येतात ते फाइलमधले मूळ आकडे. पायथन नकाशा बघत नाही. ते फक्त आकडे ताडतं.

खात्री करायला कोड वाचत बसू नका. दोन्ही लेयरमधलं एकेक फीचर घ्या आणि ‘बाउंडिंगबॉक्स’ला (आकाराच्या चौकटीला) ‘टूस्ट्रिंग’ लावून छापा. आचऱ्याच्या आसपासच्या लेयरमध्ये एकीचे आकडे ७३.४ आणि १६.२ असे आले, तर ते अंश आहेत, म्हणजे बहुधा ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी म्हणजे सीआरएसचा क्रमांक). दुसरीचे आकडे सव्वातीन-साडेतीन लाख आणि सतरा लाख नव्वद हजार अशा घरातले आले, तर ते मीटर आहेत, यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमध्ये मोजण्याची पद्धत) ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. ७३ आणि तीन लाख यांची गाठ कधी पडणार? पायथनने ‘नाही’ म्हटलं ते बरोबरच होतं.

कोकणात काम करणाऱ्यांची एक सोय अशी, की ४३ वा झोन रेखांश ७२ पासून ७८ पर्यंत जातो. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतचा किनारा एकाच झोनमध्ये बसतो. त्यामुळे सगळं ३२६४३ मध्ये आणायचं, एवढा एक नियम ठरवला की झोन बदलण्याची कटकट राहत नाही. मध्यरेखांश ७५ असल्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावर क्षेत्रफळात थोडा फरक पडतो, पण तो दहा हजारांत एखाद-दुसरा. गुंठ्यांच्या हिशेबात तो कुठेच दिसत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे लेयरवर उजवी क्लिक करून ‘सेट लेयर सीआरएस’मध्ये ३२६४३ निवडणं. याने आकडे बदलत नाहीत, फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते. डब्यात अंशच राहतात आणि लेयर भलतीकडेच जाऊन पडते. आकडे खरोखर बदलायचे तर ‘रीप्रोजेक्ट लेयर’ चालवायचं किंवा नवी फाइल त्या सीआरएसमध्ये सेव्ह करायची.

दुसरी चूक कोडमधली आहे. जॉमेट्रीवरची ‘ट्रान्सफॉर्म’ ही मेथड जॉमेट्री जागच्या जागी बदलते आणि परत देते ती फक्त काम झालं की नाही याची खूण. ‘जी बरोबर जी डॉट ट्रान्सफॉर्म’ असं लिहिलं की जॉमेट्री हातातून जाते आणि ‘जी’मध्ये ती खूण उरते. पुढच्या ओळीला एरर आला तर नशीब, चूक लगेच कळते. जास्त त्रासाचा प्रकार म्हणजे आतल्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींत) ट्रान्सफॉर्म लिहिणं. एकच कांदळवन पहिल्या गटासाठी बदलतं, दुसऱ्या गटासाठी बदललेलंच पुन्हा बदलतं, आणि पहिल्या फेरीनंतर एकही गट जुळत नाही. यादीत एकच नाव आलं आणि ते पहिल्या-दुसऱ्या गटाचं असलं, तर थेट इथे येऊन बघा.

या भानगडीत पडूच नये म्हणून मी आता ट्रान्सफॉर्म हाताने लिहीतच नाही. ‘क्यूजीएसफीचररिक्वेस्ट’ला ‘सेटडेस्टिनेशनसीआरएस’ लावलं, सोबत प्रकल्पाचा ‘ट्रान्सफॉर्मकॉन्टेक्स्ट’ दिला, की फीचर हातात येतानाच बदललेलं येतं. त्याच रिक्वेस्टवर ‘सेटफिल्टररेक्ट’ (ठरावीक चौकटीतलीच फीचर मागणारी अट) लावणार असाल तर चौकटही नव्या सीआरएसमधलीच द्यायची, हे मात्र लक्षात ठेवा.

आकडे अंशातच आहेत पण १६ पहिला आणि ७३ नंतर, असं दिसलं तर अक्षांश-रेखांश उलटे भरले गेलेत. जीपीएसवरून उतरवलेल्या सीएसव्हीत हे फार होतं. ते बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडतील. ‘झूम टू लेयर’ केलं की लगेच कळतं.

आणखी एक प्रकार यादी पूर्ण रिकामी करत नाही, पण आकडे सरकवतो. जुन्या टोपोशीट (सरकारी भूनकाशे) एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आधारलेल्या आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीची मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएस वापरतं त्या मापावर) आली. जुन्या शीटवरून काढलेली खाडीची रेषा कोणी थेट ४३२६ म्हणून सेव्ह केली असेल, तर ती अख्खी एका दिशेला सरकलेली असते. नकाशा ‘जवळपास बरोबर’ दिसतो, म्हणून हे फार उशिरा लक्षात येतं. पूल, धक्का, देवळाचा कळस अशी एखादी न हलणारी खूण उपग्रह चित्रावर धरून बघा.

डोंगरावरची बाग खाजणात

कालावल खाडीच्या काठच्या एका गावाची यादी मी दिली होती. चार दिवसांनी एक वयस्क बागायतदार यादीची झेरॉक्स घेऊन घरी आले. बसायच्या आधीच म्हणाले, “गो बाय, माजी बाग तर डोंगरार आसा. ती खाजनात कशी इली?” मी म्हटलं, “काका, थांबा, परत बघतंय.” गट नकाशावर उघडला. खाडीपासून चांगला वर, कलमांच्या रांगा उपग्रह चित्रात मोजता येतील इतक्या स्पष्ट. कांदळवनाशी काही संबंध नाही. पण यादीत नाव होतं, आणि त्यांच्यासारखे आणखी बारा-पंधरा गट.

कारण स्पेशियल इंडेक्स, म्हणजे जवळचे आकार पटकन शोधून देणारी सूची. गट हजारोंच्या संख्येत असतात, प्रत्येकाची प्रत्येक कांदळवनाशी तुलना करत बसलं तर वेळ फार जातो, म्हणून ‘क्यूजीएसस्पेशियलइंडेक्स’ वापरायचा असं सगळीकडे सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण इंडेक्सवरची ‘इंटरसेक्ट्स’ आणि जॉमेट्रीवरची ‘इंटरसेक्ट्स’ यांची नावं एक असली तरी कामं वेगळी. इंडेक्सला आपण चौकोन देतो आणि तो ज्यांच्या चौकटी त्या चौकोनाला लागतात त्यांचे आयडी देतो. चौकट म्हणजे आकाराला बाहेरून घातलेला सरळ उभा-आडवा आयत. ती भरड चाळणी आहे. तिच्यातून जे खाली पडलं ते बारीक चाळणीतून काढायचं, म्हणजे खऱ्या जॉमेट्रीवर पुन्हा ‘इंटरसेक्ट्स’ विचारायचं. माझ्या कोडमध्ये दुसरी चाळणी नव्हती.

सपाट प्रदेशात, जिथे शेतं आणि तळी चौकोनीच असतात, ही चूक फारशी दिसतही नाही. आपल्याकडे लगेच दिसते. गड नदी मसुऱ्याकडून वळणं घेत येते, तिची कालावल खाडी होते आणि तळाशील-तोंडवळीच्या वाळूच्या पट्ट्यामागून समुद्राला मिळते. कांदळवन तिच्या दोन्ही काठांनी वळणावळणाने जातं. अशा सापासारख्या आकाराला आयत घातला की त्यात खाडी, शेती, वाडी आणि मागचा डोंगर सगळंच येतं. त्यातून कोणी तालुक्याचं कांदळवन ‘डिझॉल्व्ह’ करून एकच मल्टिपॉलिगॉन (अनेक सुट्या तुकड्यांचं एकच फीचर) केलेलं असेल, तर त्याची चौकट अख्ख्या तालुक्याएवढी. मग इंडेक्स असून नसल्यासारखा.

म्हणून इंडेक्स बांधण्याआधी ‘मल्टिपार्ट टू सिंगलपार्ट्स’ चालवा. त्यानंतरही एखादा लांबलचक पॉलिगॉन उरला तर ‘सबडिव्हाइड’ने त्याचे तुकडे करा. चौकटी लहान झाल्या की भरड चाळणीतच डोंगर बाद होतो आणि बारीक चाळणीचं काम पटकन होतं. ‘सेटफिल्टररेक्ट’लाही हेच लागू. ‘एक्झॅक्टइंटरसेक्ट’चा फ्लॅग लावला तरी तो खऱ्या आकाराची तुलना दिलेल्या आयताशी करतो, कांदळवनाच्या आकाराशी नाही.

काकांचा गट दुसऱ्या चाळणीत बाद झाला. नवी यादी छापून मी त्यांच्याकडे नेऊन दिली.

पोटातले गट गायब

हा घोळ मला सगळ्यात घातक वाटतो, कारण यादी बरोबर असल्यासारखी दिसते. काठावरचे गट सगळे असतात. पूर्ण कांदळवनात बुडालेले गट, ज्यांच्यासाठी मुळात यादी करायची, तेच नसतात.

चूक एका शब्दाची आहे. बोलताना आपण ‘ओव्हरलॅप’ म्हणतो, म्हणून कोडमध्येही ‘ओव्हरलॅप्स’ लिहितो. पण ओजीसीच्या (नकाशा-माहितीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकात, आणि क्यूजीआयएस ज्या जीईओएस लायब्ररीला हे प्रश्न विचारतं तिच्यातही, ‘ओव्हरलॅप्स’चा अर्थ फार नेमका आहे. दोन्ही आकार एकाच मितीचे (दोन्ही रेषा किंवा दोन्ही क्षेत्रं) हवेत, त्यांचा काही भाग सामाईक हवा, आणि दोघांचाही काही भाग दुसऱ्याच्या बाहेर राहिलेला हवा. गट पूर्ण कांदळवनाच्या आत असेल तर त्याचं बाहेर काही उरत नाही, म्हणून उत्तर ‘नाही’. उलट मोठ्या वरकस (उतारावरच्या हलक्या जमिनीच्या) गटाच्या कोपऱ्यात कांदळवनाचं छोटं बेट असेल तर त्या बेटाचं बाहेर काही उरत नाही, तिथेही ‘नाही’. आणि रस्ता किंवा बंधारा यांची रेषा पॉलिगॉनशी तपासत असाल तर मितीच वेगळी, तिथे ‘ओव्हरलॅप्स’ कधीच खरं होणार नाही. रेषेसाठी ‘क्रॉसेस’ आहे.

‘विदिन’ घेतलं तर फक्त पूर्ण बुडालेले गट मिळतात आणि काठावरचे जातात. हवे असतात दोन्ही, म्हणून ‘इंटरसेक्ट्स’ घ्यायचं. प्रोसेसिंगमधून (क्यूजीआयएसच्या तयार टूलच्या पेटीतून) ‘सिलेक्ट बाय लोकेशन’ चालवताना हेच शब्द आकड्यांनी द्यावे लागतात: ० म्हणजे इंटरसेक्ट, १ कंटेन, २ डिसजॉइंट, ३ इक्वल, ४ टच, ५ ओव्हरलॅप, ६ विदिन, ७ क्रॉस. कुणाच्या तरी जुन्या स्क्रिप्टमधून उचललेल्या ओळीत ५ आहे की ०, एवढं बघितलं तरी निम्मा प्रश्न सुटतो. हे टूल वेगवेगळ्या सीआरएस स्वतःच जुळवून घेतं. त्यामुळे टूल बरोबर यादी देतं आणि आपली स्क्रिप्ट रिकामी, असं झालं की वरचा सीआरएसचा भाग पुन्हा वाचा.

त्याच टूलच्या ‘मेथड’ या पर्यायात ० म्हणजे नवी निवड आणि १ म्हणजे आधीच्या निवडीत भर. स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवल्यावर यादी फुगत जात असेल तर तिथे १ राहिलाय. आणि यादी कारण नसताना आकसली असेल तर लेयरवर जुना फिल्टर राहिलाय का बघा. लेयरच्या नावापुढे गाळणीचं छोटं चिन्ह दिसतं.

शेजारचे गट उगाच येतात

‘इंटरसेक्ट्स’ घेतलं की पोटातले गट परत येतात आणि सोबत शेजारीही येतात. नुसती कड कडेला लागली तरी ‘इंटरसेक्ट्स’ खरंच असतं. तेवढंच असतं तर ‘टचेस’ वगळून भागलं असतं. पण गावनकाशा स्कॅन करून बसवलेला, कांदळवन उपग्रह चित्रावरून काढलेलं. दोन्ही रेषा एकाच बांधाच्या असल्या तरी एकमेकींवर तंतोतंत कधीच पडत नाहीत. मधे बारीक चिंधी उरते. मीटरभर रुंद, चाळीस मीटर लांब. त्या चिंधीमुळे शेजाऱ्याचं नाव यादीत येतं.

सगळीकडे सांगितलेला उपाय म्हणजे सामाईक क्षेत्र काढून ते गटाच्या किती टक्के आहे ते बघायचं आणि ५ टक्क्यांखालचे सोडून द्यायचे. घाटावरच्या एकरांच्या शेतांना हे चालेल. आपल्याकडे हिस्से पडून पडून दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे झालेत. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर आणि थोडं वर. दोन गुंठ्यांच्या वाडीवर चाळीस मीटर लांब, एक मीटर रुंद चिंधी पडली तर ४० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २० टक्के! टक्क्यांच्या हिशेबात ती वाडी ठळकपणे खाजणात जाते. उलट पाच हेक्टरांच्या गटात दोन हजार चौरस मीटर खरंखुरं कांदळवन असेल तर ते फक्त ४ टक्के, आणि ते यादीतून बाहेर पडतं. लहान जमीनवाल्यावर अन्याय आणि मोठ्या गटातलं कांदळवन बिनहिशेबी, असा दुहेरी उलटा परिणाम होतो. म्हणून नुसत्या टक्क्यांवर मी यादी कधीच देत नाही.

कांदळवनाला ऋण बफर देऊन, म्हणजे एक-दोन मीटर आत ओढून मग ‘इंटरसेक्ट्स’ विचारणं हा दुसरा उपाय. चिंध्या जातात खऱ्या. पण खाडीच्या बांधाला लागून दोन-तीन मीटर रुंदीची तिवरांची रांग असते, तीही त्यात पूर्ण नाहीशी होते. अशी रांग बांधाला धरून ठेवते, ती गमवायची नाही.

मी वापरते ती रीत अशी. गट आणि कांदळवन यांचं ‘इंटरसेक्शन’ काढायचं, त्याचं क्षेत्र दुप्पट करून परिघाने भागायचं. लांब अरुंद तुकड्यासाठी हा आकडा साधारण त्याच्या रुंदीएवढा येतो. चाळीस बाय एकच्या चिंधीला ८० भागिले ८२, म्हणजे मीटरभर. चौकोनी तुकड्यासाठी तो बाजूच्या निम्मा येतो, तेवढं ध्यानात ठेवायचं. मग हा आकडा नकाशाच्या अचूकतेशी ताडायचा. कांदळवन सेंटिनेल-२ च्या चित्रावरून काढलं असेल तर तिथला सर्वात बारीक पिक्सेल १० मीटरचा, लँडसॅटच्या नेहमीच्या रंगपट्ट्यांचा ३० मीटरचा. दहा मीटरच्या पिक्सेलवरून काढलेल्या रेषेच्या आधारे ‘तुमच्या वाडीत एक मीटर कांदळवन आहे’ असं कोणालाच सांगता येत नाही. असे गट मी यादीतून काढत नाही आणि यादीत मिसळतही नाही. त्यांची वेगळी यादी करते, वर लिहिते ‘जागेवर पाहणे’, आणि ओहोटीच्या वेळी जाऊन बघते.

क्षेत्राचा हिशेब अंशात करू नका, हे इथे पुन्हा सांगायला हवं. लेयर ४३२६ मध्येच असेल तर ‘एरिया’ चौरस अंशात येतं. आपल्या अक्षांशावर एक गुंठा म्हणजे ०.००००००००८५५ चौरस अंश! कोडमध्ये ‘क्षेत्र १ पेक्षा जास्त’ अशी अट असेल तर यादी रिकामी येणारच. आणि ५० मीटरच्या पट्ट्यासाठी ‘बफर’मध्ये ५० टाकलं तर तो ५० अंशांचा बफर होतो. त्यात सगळा देश मावतो, मग आपलं गाव काय घेऊन बसलात.

एका गटात कांदळवनाचे तीन तुकडे असतील तर साध्या लूपमध्ये तो गट तीनदा येतो. आयडी लिस्टऐवजी सेटमध्ये ठेवा, तिथे एक आयडी एकदाच राहतो. क्षेत्रांची बेरीज करणार असाल तर आधी त्या गटाला लागणारी कांदळवनं ‘युनरीयुनियन’ने एक करा, नाहीतर दोन वर्षांच्या डिजिटायझिंगचे पॉलिगॉन एकमेकांवर असले की तीच जमीन दोनदा मोजली जाते.

मोडक्या जॉमेट्री

खाडीचा काठ हाताने काढताना माउस कुठेतरी मागे जातो आणि रेषा स्वतःलाच कापते. आठच्या आकड्यासारखा पीळ पडतो. असा पॉलिगॉन नकाशावर व्यवस्थित रंगतो, पण ‘इंटरसेक्शन’ मागितलं की रिकामी जॉमेट्री येते आणि स्क्रिप्ट न थांबता पुढे जाते. एखादाच गट, दिसायला उघड कांदळवनात, यादीत नाही असं झालं तर त्याच्यावर आणि त्याच्या खालच्या कांदळवनावर ‘इजजीईओएसव्हॅलिड’ विचारा. रिकाम्या उत्तरावर ‘लास्टएरर’ छापलं तर कारणही कळतं.

दुरुस्तीला ‘मेकव्हॅलिड’ किंवा प्रोसेसिंगमधलं ‘फिक्स जॉमेट्रीज’. शून्य बफर देण्याची जुनी युक्ती मी सोडली, कारण पीळ पडलेल्या आकाराची एक पाकळी ती कधीकधी गिळून टाकते. ‘मेकव्हॅलिड’नंतर आकारासोबत एखादी सुटी रेषाही हाती येऊ शकते, म्हणून पॉलिगॉनचा भाग वेगळा काढून घ्या आणि आधीचं-नंतरचं क्षेत्र ताडून बघा. प्रोसेसिंगच्या सेटिंगमध्ये ‘इनव्हॅलिड फीचर्स’चा पर्याय ‘वगळा’वर असेल तर मोडके गट न सांगता गळतात. तो ‘थांबा’वर ठेवा. थांबलेली स्क्रिप्ट बरी, गळलेला गट नको.

सगळं एकत्र

माझ्या स्क्रिप्टचा क्रम मराठीत मांडला तर असा होतो:

कांदळवन ३२६४३ मध्ये वाच, सिंगलपार्ट कर, मोडकं असेल तर दुरुस्त कर
त्यांचा स्पेशियल इंडेक्स बांध, जॉमेट्री आयडीप्रमाणे डिक्शनरीत ठेव
प्रत्येक गट ३२६४३ मध्ये वाच, मोडका असेल तर दुरुस्त कर
 गटाच्या चौकटीने इंडेक्सला विचार, उमेदवार घे
 उमेदवारांपैकी खरोखर इंटरसेक्ट्स होणारेच ठेव
 एकही नसेल तर पुढचा गट
 उरलेले युनियन कर, गटाशी इंटरसेक्शन काढ
 उत्तर रिकामं असेल तर ‘तपासा’ यादीत टाक
 क्षेत्र शून्य असेल तर नुसती कड लागली, पुढचा गट
 दुप्पट क्षेत्र भागिले परिघ काढ
 नकाशाच्या अचूकतेपेक्षा कमी असेल तर ‘जागेवर पाहणे’, नाहीतर मुख्य यादी
शेवटी मुख्य यादीचे आयडी सिलेक्टबायआयडीजला दे

गट फार असतील आणि वेग हवा असेल तर ‘क्रिएटजॉमेट्रीइंजिन’ करून ‘प्रिपेअरजॉमेट्री’ लावता येतं. एक गट अनेक कांदळवनांशी ताडताना याने वेळ खूप वाचतो. पण इंजिन मूळ जॉमेट्रीची प्रत ठेवत नाही, तिच्याकडे बोट दाखवून काम करतं. मूळ जॉमेट्री एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवली नाही तर पायथन ती साफ करून टाकतं आणि अख्खं क्यूजीआयएस बंद पडतं, एररही न देता. मधेच प्रोग्राम उडत असेल तर आधी हीच ओळ बघा.

स्क्रिप्ट नको असेल आणि फक्त पटकन बघायचं असेल, तर ३.१६ पासून एक्स्प्रेशनमध्येच ‘ओव्हरले इंटरसेक्ट्स’ मिळतं. रंग भरायला ते उत्तम. यादी द्यायची असेल तर वरचाच रस्ता.

यादी बाहेर काढताना एक काळजी घ्या. फीचरचा आयडी फाइल बदलली की बदलतो आणि गट नंबर तर प्रत्येक गावात १ पासूनच सुरू होतो. तालुक्याच्या यादीत नुसता गट नंबर दिला तर एका गावचा ११२ दुसऱ्या गावच्या ११२ शी जुळतो आणि भलत्याच माणसाच्या सातबाऱ्याशी जोडला जातो. गावाचा कोड, गट नंबर, हिस्सा, तिन्ही मिळून ओळख करा आणि जोडणी त्यावरच करा.

यादी पाठवण्याआधी मी दहा गट हाताने बघते. तीन पूर्ण कांदळवनातले, तीन काठावरचे, तीन अगदी दूर डोंगरावरचे, आणि एक असा की ज्याच्या चौकटीत खाडी येते पण जमिनीत येत नाही. हा दहावा गट प्रत्येक गावात सापडतो. कालावलच्या काठी तो काकांच्या कलमबागेचा आहे, आणि तिथलं काम असलं की मी तोच उघडते.